अजून थोडं चून

शामलानं दुसऱ्यांदा चून मागितलं, एवढीच खरी गोष्ट आहे. आणि तेवढ्यावरून तिची नणंद तिला कायमची माहेरी पाठवायला निघाली होती. लोक यात नंतर फार मीठमसाला घालत गेले. कोणी म्हणतं तिनं भाकरही मागितली, कोणी म्हणतं ठेचाही मागितला. सगळं खोटं. वाढायला मी होते, चुनाचा गंज, म्हणजे पातेलं, माझा होता, पळी माझ्या हातात होती. तेव्हा ऐकायचं तर माझ्याकडून ऐका, नाहीतर राहू द्या.

मी भागीरथा. महाल वस्तीतल्या त्या गल्लीत आमची आणि शामलाची भिंत एक होती. तिच्याकडे झाकण पडलं तर मी इकडे दचकायची. तिचा नवरा रुपराव खापरखेड्याच्या पावर हाऊसात फिटर होता. काम जास्त असलं की तिकडेच कोणाच्या तरी क्वार्टरात मुक्काम करायचा, नाहीतर बसनं घरी. माणूस वाईट नव्हता, उगीच कशाला बोलू. दारू नाही, पत्ते नाहीत, बायकोवर हात उगारणं नाही. त्याला एकच खोड होती, ताटावरून उठायची.

रेशनवर मिलोची लाल ज्वारी यायची तेव्हाची ही गोष्ट. त्या ज्वारीची भाकर तव्यावर टाकेपर्यंत तीनदा तुटायची. भाजीबाजारात जावं, भाव ऐकावा आणि रिकामी पिशवी झुलवत परत यावं अशी गत होती. सगळी गल्ली घरातल्या डब्यांवर जगत होती. तूरडाळ, बेसन, तांदूळ, उन्हाळ्यात घालून ठेवलेल्या मुगवड्या, सुक्या मिरच्या, लसूण. एवढ्यातच काय ती उलटापालट करायची. शामलाचा हात त्यात चांगला होता. एक दिवस बेसनाचे गोळे भातातच शिजवून वर लसणाचं कडकडीत तेल, म्हणजे गोळाभात. एक दिवस वरणफळं. कोणाकडून ताक मिळालं तर कढीगोळे. आणि काहीच सुचलं नाही की चून. चून म्हणजे आमच्याकडचं पिठलं. आमच्या गल्लीत पुण्याकडचे एक मास्तर राहायला आले होते, त्यांना वाटलं आम्ही चुना खातो.

रुपरावचं असं होतं की ताट समोर आलं की तो आधी त्याच्याकडे नुसता पाहत बसे. मग म्हणे, पुन्हा हेच. मग तांब्यातलं पाणी पिऊन उठे. आरडाओरडा नाही, काही नाही, नुसता उठून खाटेवर जाऊन बसे. की मग शामलानं पुन्हा चूल फुंकायची, दुसरं काहीतरी करायचं आणि खाटेजवळ नेऊन द्यायचं. ते तो खाई. आणि त्यानं सोडलेलं ताट, गार झालेलं, कड धरलेलं, ते शामला चुलीपुढे बसून संपवी. तिला स्वतःसाठी वेगळं ताट घेताना मी कधी पाहिलं नाही. घरात मूलबाळ नव्हतं, त्यामुळे तिसरं कोणी जेवायलाही नव्हतं. मला याचा संताप यायचा, पण दुसऱ्याच्या घरात किती नाक खुपसायचं याला मर्यादा असते.

त्या वेळीही तो असाच उठला. मुगवड्यांचा रस्सा होता. या वेळी खाटेवरही बसला नाही. तिकडेच जेवतो म्हणाला आणि पिशवी घेऊन खापरखेड्याला निघून गेला. नंतर काही दिवस तो आलाच नाही. त्यात नवल नव्हतं.

मग एका सकाळी अनंत आला. हा पावर हाऊसातलाच पोरगेलासा हेल्पर. टर्बाइनच्या घरघरीत काम करून त्याचे कान पार गेलेले. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून बोलायचंही मोजकंच. मी दारात तांदूळ निवडत होते, म्हणून सगळं माझ्यासमोरच झालं. त्यानं रुपरावची पिशवी आणि रिकामा जेवणाचा डबा शामलाच्या उंबऱ्यावर ठेवला आणि मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, रुपरावभाऊ गेले. सकाळीच गाडीनं गेले. हे त्यायचं सामान." आणि वळून चालू लागला. त्याला परत जाण्याची बस गाठायची होती. शामला मागून हाका मारत होती, पण त्या हाका त्याला कुठल्या ऐकू जायला.

आता तुम्हीच सांगा. आपल्याकडे कोणी घराबाहेर पडताना जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. लहान पोरालाही हे शिकवावं लागत नाही. 'गेले' म्हटलं की गेलेच. त्यात पुन्हा गाडीनं गेले. कामठी रोडवरचे ट्रक कसे चालतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. शामला उंबऱ्यावरच बसली. डबा तिनं मांडीवर घेतला आणि मग जी रडायला लागली ते गल्लीच्या टोकाला ऐकू गेलं असेल.

आमचे मधुकरराव दुकान उघडायला निघाले होते, त्यांना मी तसंच पिटाळलं. आधी सरकारी दवाखान्यात बघा, तिथं काही कळलं नाही तर खापरखेड्याला जा. दुसऱ्या कोणी रामटेकला तार केली. तिथं रुपरावची थोरली बहीण तुळसाबाई. तोवर बायका जमल्या होत्या. समोरची गोपिका सगळ्यांच्या पुढे. दुसऱ्याच्या घरचं दुःख असलं की तिच्या अंगात कुठून बळ येतं देव जाणे. ती शामलाच्या बांगड्यांना हात घालायला निघाली. मी तिचा हात धरला आणि सांगितलं, आधी प्रेत तर दिसू दे, मग काय फोडायचं ते फोड. त्या एका वाक्यासाठी तरी गल्लीनं माझं नाव काढायला हवं होतं. कोणी काढलं नाही.

दुपार झाली तरी मधुकररावांचा पत्ता नव्हता. शामलाचं रडणं बसलं होतं. डोळे कोरडे, ओठ पांढरे, भिंतीला टेकून बसलेली बाई एका अंगावर कलायला लागली. आमच्यात मृत्यू झाला की त्या घरची चूल पेटत नाही. शेजारपाजारचे चून-भाकर नेऊन देतात. तिला कडू भाकर म्हणतात. रीतीनं पाहिलं तर ती माणसाला आग देऊन आल्यावर. पण इथं माणूसच कुठे आहे याचा पत्ता नाही, पंचनामा व्हायचा, फाडाफाडी व्हायची, त्याला दोन दिवसही लागले असते. तोवर बाईला असं वाळत ठेवायचं काय. मी घरी गेले आणि चून टाकलं.

आता कडू भाकरीचं चून कसं करतात, तर कसंबसं. पाण्यात बेसन कालवायचं, मीठ पडलं तर पडलं, शिजलं की उतरवायचं. खायचं कोणाला असतं. पण मला तसं करता येत नाही. माझ्या हाताला सवय नाही. मी आपलं तेल तापवलं, मोहरी तडतडवली, लसूण ठेचून लाल केला, सुक्या मिरच्या मोडून टाकल्या, आणि मग बेसन सोडून ते गदगदू दिलं. भाकरीही जमल्या त्या दिवशी, मिलोच्या असून.

शामलाच्या घरी मी पाट मांडला. पाण्याचा तांब्या ठेवला. ताटात अर्धी भाकर आणि पळीभर चून वाढलं. वाफ येत होती. तिला दंडाला धरून उठवलं आणि पाटावर बसवलं. रीत अशी की बसलेल्यानं नको म्हणायचं, आपण घे गं बाई म्हणायचं, त्यानं एक घास तोंडात घालून हुंदका द्यायचा आणि ताट सरकवायचं. सगळ्या बायका त्यासाठी पदर डोळ्याला लावून तयार होत्या.

शामला ताटाकडे पाहत राहिली. इतका वेळ पाहत राहिली की मला वाटलं हिला भोवळ आली. मग तिनं घास घेतला. दुसरा घेतला. मग ती जेवायलाच लागली. नीट, खाली मान घालून, भाकरीनं ताट पुसून. डोळ्यांतून पाणी चालूच होतं, ते पुसायला ती थांबत नव्हती. ताट स्वच्छ झालं. खोलीत कोणी हललं नाही. मग तिनं माझ्याकडे मान वर केली.

"वहिनी, अजून थोडं चून वाढ वं."

मी वाढलं. मागणाऱ्याला वाढायचं, एवढंच मला कळतं. पण गोपिकेचा पदर डोळ्यावरून तोंडावर गेला तो मी पाहिला.

दिवेलागणीला मधुकरराव परतले, घामानं आणि रागानं लाल. दवाखान्यात दोन अनोळखी प्रेतं बघून, मग बसनं खापरखेड्याला जाऊन आले होते. तिथं साहेबांनी सांगितलं की पारसच्या पावर हाऊसात मशीन बिघडलं म्हणून रुपरावला सकाळच्या गाडीनं तिकडे पाठवलंय. गाडीनं गेला म्हणजे गाडीत बसून गेला. घाईत सामान राहिलं, ते अनंतच्या हाती घरी धाडलं. आठवड्यात येईल. आपण ती दोन प्रेतं फुकट पाहिली याचं मधुकररावांना फार वाईट वाटत होतं, कारण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

गल्ली हसून हसून लोळली. शामलाही रडत रडत हसली. खरं तर इथं हे संपायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी नळावर गोपिकेनं सुरुवात केली. नवरा मेला असं ऐकून एक घास घशाखाली उतरत नाही, आणि इथं पाहा, मागून मागून जेवली. हां हां म्हणता ते सगळीकडे झालं. मी नळावर गोपिकेला चार शब्द सुनावले. ते इथं सांगण्यासारखे नाहीत.

तेवढ्यात तुळसाबाई आली. तार मिळाल्यापासून बिचारी रामटेकहून छाती पिटत आलेली, आणि गल्लीच्या तोंडाशी पोहोचते तर पोरं अनंतची नक्कल करून हसताहेत. भाऊ जिवंत आहे म्हणून ती आनंदली, नाही असं नाही. पण एवढं दुःख उसळून आलेलं, ते कुठेतरी जायला पाहिजे. गोपिकेनं त्याला वाट करून दिली. तुळसाबाई आधी माझ्याकडेच आली. कडू भाकरीच्या चुनाला लसणाची फोडणी घालतं का कोणी, असं मला विचारलं. मी म्हटलं, मला पिचकवणी चून येत नाही, तुमच्या वेळी तुम्ही सांगून ठेवा, तसं करीन. त्यावर ती माझ्याशी बोलली नाही.

शामलाशी मात्र बोलली. भाऊ आला की तुझा निकाल लावते, म्हणाली. हे नुसतं धमकावणं नव्हतं. पोर होत नाही म्हणून तिच्या मनात हे आधीपासून होतंच, मनसरची एक मुलगीही तिनं बघून ठेवली होती. आता तिला निमित्त मिळालं. शामलाची ट्रंक तिनं स्वतः भरली आणि दाराशी आणून ठेवली. माहेरी शामलाचे आईबाप नव्हते. काटोलकडे भाऊ-भावजय. तिथं ती कशी राहणार हे सांगायला कोणी ज्योतिषी नको. भावजयीची भांडी घासत म्हातारी होणार.

रुपराव आला तो खुशीत होता. आपल्या मरणाची गोष्ट त्यानं दोनदा सांगायला लावली. कोण कोण रडलं ते विचारलं. मग तुळसाबाईनं त्याला पुढचं सांगितलं, तेव्हा त्याचं हसू बंद झालं. संध्याकाळी बसून बोलू म्हणाला आणि अंघोळीला गेला.

मी तेवढ्यात शामलाला गाठलं. तिला समजावलं की हे अगदी सोपं आहे. तो ताटावरून उठून गेला ना, मग सांग की त्या दिवसापासून मी अन्नाला शिवले नव्हते. तुम्ही उपाशी गेलात म्हणून मीही उपाशी. मी भिंतीपलीकडे राहते, मी साक्ष देते की चूल पेटली नाही. रुपराव विरघळेल, तुळसाबाईचं तोंड बंद होईल, गोपिका नळावर पाया पडेल. खोटं बोलायचं तर असं बोलावं की ऐकणाऱ्याला ते आवडलं पाहिजे. शामला तांदूळ धूत होती. पाहू, एवढंच म्हणाली.

संध्याकाळी मला आणि मधुकररावांना साक्षीला बोलावलं. रुपराव खाटेवर, तुळसाबाई त्याच्या पायाशी, आम्ही सतरंजीवर, दाराशी ट्रंक. शामला चुलीजवळ उभी होती. गोळाभात झाला होता, वास सगळ्या खोलीत भरला होता. रुपरावनं बराच वेळ घसा खाकरला. मग विचारलं की ऐकलं ते खरं आहे काय.

"हो," शामला म्हणाली. "मागितलं."

तुळसाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. मी लगेच सुरू केलं की अहो तिच्या पोटात किती दिवसांपासून अन्न नव्हतं, ती उपाशी होती, शुद्धीत नव्हती. शामलानं मला मधेच थांबवलं.

"नाही वहिनी. रोज जेवली मी. यायनं सोडलेलं ताट जेवली, मंग रोज खिचडी टाकून जेवली." मग ती रुपरावकडे वळली. "तुमी गेले असं वाटलं मले. जीव जाऊन राहिला होता माहा, खोटं नाही सांगत. अन् वहिनीनं पाट मांडला. पाणी ठेवलं. मले म्हणे, बस. गरम होतं. या घरात आल्यापासून माह्यासमोर कोणी वाढलेलं ताट ठेवलं नव्हतं. म्हणून मागितलं. आज कोणी ठेवलं तर आजही मागीन."

मला राग आला. एवढं तयार करून दिलेलं खोटं हिनं उकिरड्यावर फेकलं. आणि रागाच्या पाठोपाठ मीही मनातल्या मनात आठवू लागले की माझ्यासमोर शेवटचं वाढलेलं ताट कोणी ठेवलं होतं. मी मधुकररावांकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते.

तुळसाबाई म्हणाली, ऐकलं ना, आता तूच ठरव. पण आवाजात पहिला जोर नव्हता. तिचंही सगळं आयुष्य वाढण्यातच गेलं होतं, रामटेकला येणाऱ्या पाहुण्यांना.

 भात निवायला लागला होता. मग रुपराव उठला आणि दाराकडे गेला. मला वाटलं झालं, आता उचलतो ट्रंक. शामलालाही तसंच वाटलं असावं, कारण तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. पण तो ट्रंकेला वळसा घालून फळीपाशी गेला. एक ताट काढलं, सदऱ्याच्या टोकानं पुसलं. पाट शोधायला त्याला वेळ लागला, पाट कुठे असतो हे त्याला माहीत नव्हतं. तो त्यानं वाकडातिकडा मांडला. शामला बसली. तो गंजापाशी उकिडवा बसला, पळी भातात घातली आणि तिथंच अडला.

"तुले किती लागते?"

इतकी वर्षं संसार केलेला माणूस हे विचारत होता. खोलीत कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

"वाढा," शामला म्हणाली. "मी हात आडवा करीन."

त्यानं एक पळी वाढली आणि थांबला. तिनं हात आडवा केला नाही. दुसरी वाढली, गोळा फुटला. तरी नाही. तिसऱ्या पळीला तुळसाबाई चुळबुळली, अरे तुझ्यासाठी काय राहिलं म्हणाली.  त्यानं आणखी वाढलं. तेव्हा कुठे शामलाचा हात ताटावर आडवा आला.

ती जेवायला लागली. सावकाश, एकेक गोळा कुस्करून. आम्ही सगळे उपाशी बसून पाहत होतो. रुपराव पळी हातात घेऊन गंजाशी तसाच बसून राहिला, कारण ती पुन्हा मागेल की नाही हे त्याला माहीत नव्हतं.